एका मुठीवरून पोतं

उभ्या रत्नागिरी जिल्ह्यात, मंडणगडापासून राजापुरापर्यंत, कुठल्याही प्रश्नाला सरळ ‘हो’ किंवा सरळ ‘नाही’ असं उत्तर आयुष्यात न दिलेला माणूस एकच असेल, आणि तो नेमका माझ्या सासरी निघाला. आमच्या ह्यांचे ते चुलतभाऊ, म्हणजे माझे दीर, म्हणून भावोजी. लग्न होऊन मी या घरात आले त्याच्या तिसऱ्या दिवशी ते ओटीवर येऊन बसले. मी पदर सावरून विचारलं, “भावोजी, चहा घेणार ना?” त्यांनी थोडा वेळ कौलांकडे बघितलं आणि शांतपणे सांगितलं, “घेण्याची शक्यता पंचाण्णव टक्के, वहिनी.” मी नवीन. उरलेल्या पाच टक्क्यांचं काय करायचं हे माहेरी मला कुणी शिकवलं नव्हतं. चहा टाकावा की टाकू नये या विचारात मी चुलीपाशी उभी राहिले, शेवटी सासूबाईंनीच आधण ठेवलं. भावोजींनी चहा घेतला. दुसरा कपही घेतला. त्या पाच टक्क्यांची वाट मी आज बावीस वर्षं बघते आहे, ते अजून उजाडलेले नाहीत.

भावोजी कॉलेजात अकरावी-बारावीला गणित शिकवतात. उंच, किडकिडीत, चालताना जरा डावीकडे झुकलेले. शर्टाच्या खिशात दोन पेनं, पँटच्या उजव्या खिशात एक फासा, डाव्या खिशात एक जुनं नाणं आणि काखेत कापडी बांधणीची लांबलचक वही. अशा तीसेक वह्या त्यांच्या कपाटात आहेत. त्यांत काय नाही ते विचारा. आमच्या गल्लीतली वीज कोणत्या वारी किती वाजता गेली, समोरच्यांचा कोंबडा सकाळी पहिल्यांदा कधी आरवला, परसातल्या कापा फणसाच्या कोणत्या फळात किती गरे निघाले, सगळं तारीखवार. फणस फोडला की आम्ही गरे खातो आणि भावोजी गरे मोजतात. मोजून झाले की खायला बसतात, तोवर चांगले गरे संपलेले असतात. आपल्या वाट्याला नेहमी शेवटचे चिवट गरे का येतात, याचं उत्तर तीस वह्यांत त्यांना सापडलेलं नाही. कुणाची लग्नपत्रिका आली तर हा माणूस उलट टपाली कार्ड पाठवतो: ‘उपस्थितीची संभाव्यता ०.८, सकाळी गाडी वेळेवर आल्यास ०.९.’ दोन यजमान त्यावरून रागावले आणि एकाने तर ‘आपण शून्यच ठेवा’ असं कळवलं. भावोजींनी तेही वहीत नोंदवलं.

सासूबाईंचं आणि त्यांचं मात्र जमायचं. भावोजींची आई गेली तेव्हा सासूबाईंनी फर्मान काढलं की हा आता आपल्याकडे जेवेल, कारण एकट्या माणसाचा स्वयंपाक म्हणजे नुसता भांड्यांचा पसारा. तेव्हापासून रोज संध्याकाळी भावोजी दोन घरं ओलांडून येत, ओटीवरच्या वेताच्या खुर्चीत बसत आणि पानं मांडली की आत येत. एकदा सासूबाईंनी तक्रार केली, “मी घावन घालायला बसले की नेमकी वीज जाते. कुणाची दृष्ट लागते कोण जाणे.” भावोजींनी चार महिने वही चालवली आणि निकाल जाहीर केला. घावनांमुळे वीज जात नाही आणि विजेमुळे घावन होत नाहीत. सासूबाई घावन मंगळवारी घालतात आणि दुरुस्तीसाठी वीजही मंगळवारीच बंद ठेवतात. दोन गोष्टी जोडीने घडल्या म्हणून एकीमुळे दुसरी घडली असं समजू नये, हे त्यांनी फार तळमळीने समजावलं. सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि घावन बुधवारवर नेले. बुधवारी वीज गेली नाही. “बघ,” त्या म्हणाल्या, “बुधवारचे घावन विजेला चालतात.” भावोजी त्या दिवशी गप्प बसून सात घावन जेवले.

सासूबाई अंथरुणाला खिळल्यावर स्वयंपाक माझ्याकडे आला, आणि तेव्हा मला कळलं की या माणसाला कुणी जेवायला का बोलवत नाही. पहिला महिना संपला त्या दिवशी आमटीचा भुरका घेऊन भावोजी म्हणाले, “वहिनी, तुमची मिठाची सरासरी अगदी काकूंइतकीच आहे.” मी खूश झाले. निदान वही बघेपर्यंत तरी. वहीत रोजच्या आमटीला मिठासाठी दहापैकी गुण दिलेले होते. पाच म्हणजे बेताचं, त्याखाली आळणी, त्यावर खारट. सासूबाईंची आमटी म्हणजे पाच, साडेपाच, साडेचार, पाच. माझी म्हणजे दोन, आठ, तीन, सात. “सरासरी दोघींची पाच,” भावोजी बोट ठेवून म्हणाले, “पण तुमचं प्रमाण विचलन जास्त आहे. काकूंच्या आमटीबद्दल पान वाढायच्या आधी खात्री देता येते. तुमच्या आमटीबद्दल नुसती सरासरी सांगून भागत नाही.” मी त्यांना म्हटलं की उद्यापासून तुमच्या पानात नुसती सरासरीच वाढते, आमटी वाढत नाही. आमचे हे इतके हसले की त्यांना ठसका लागला. खरं सांगायचं तर गणितात काठावर पास झालेल्या मला प्रमाण विचलन त्या दिवशी जे कळलं ते आजतागायत विसरलेलं नाही.

मासळीबाजारात त्यांच्याबरोबर जायची माझी तयारी नसायची, तरी कधीमधी जावं लागायचं. आमची नेहमीची हलीमाभाभी टोपलीतले बांगडे काढून समोर सहा-सहाचे वाटे लावून बसलेली असते. कोणीही माणूस वरचे दोन बांगडे दाबून बघेल, कल्ले उघडेल आणि वाटा उचलेल. भावोजी म्हणतात, “वरचे तुम्ही निवडून ठेवलेत, भाभी. त्यावरून टोपलीचं काही कळत नाही. मला टोपलीतला कुठलाही एक बांगडा डोळे मिटून काढून द्या. यादृच्छिक हवा.” हलीमाभाभीने एकदा मान वर करून बघितलं. “ह्या नावाचा मासा आज नाय आलेला, मास्तर. बांगडा हाय, सौंदाळा हाय, न्यायचा तं न्या.” मागे आठ-दहा बायका खोळंबल्या होत्या. पण भावोजींनी फासा काढला, टोपलीचे मनातल्या मनात सहा भाग पाडले, फासा पडला त्या भागातला बांगडा तपासला, आणि असं पाच वेळा केल्यावरच वाटा घेतला. अर्धा तास गेला. बांगडे मात्र ताजे फडफडीत निघाले, हे मी मान्य करते. हलीमाभाभी आता त्यांना लांबून बघूनच टोपली पुढे सरकवते आणि म्हणते, “टाका तुमचा फासा लवकर.”

मुलांना ते फार आवडतात. इतर वर्गांत गणिताच्या तासाला मुलं खिडकीबाहेर बघतात. भावोजींच्या तासाला बाहेरची मुलं खिडकीतून आत बघतात. ते पुस्तक उघडतच नाहीत. नाणं काढतात. आमच्याकडच्या क्रिकेटच्या स्पर्धेत एका संघाचा कर्णधार सलग आठ वेळा नाणेफेक हरला होता, आणि नवव्या वेळी सगळ्या गावाला खात्री की आता तरी तोच जिंकणार. तो पोरगा भावोजींचाच विद्यार्थी. विचारायला आला, “सर, आता तर नक्की ना?” भावोजी त्याला म्हणाले, “अरे, तू आठ वेळा हरलास हे तुला माहीत आहे, मला माहीत आहे, गावाला माहीत आहे. नाण्याला कुणी सांगितलंय का? नाण्याला आठवण नसते. ते प्रत्येक वेळी नव्याने उडतं.” पोरगा नवव्यांदाही हरला. पण ते वाक्य त्या वर्गातली मुलं अजून एकमेकांना ऐकवतात.

माझ्या मुलीच्या बारशाला त्यांनी जे केलं ते मात्र आमच्या घराण्यात कुणी विसरणार नाही. पंगत बसली होती, बेचाळीस पानं, जिलब्या यायच्या होत्या. भावोजी मधोमध उभे राहिले आणि म्हणाले, “आपल्यापैकी निदान दोघांचा वाढदिवस एकाच तारखेला आहे, हे मी पैजेवर सांगतो. तेवीस माणसं जमली तरी ही शक्यता निम्म्याच्या वर जाते, इथे तर बेचाळीस आहेत.” लोकांना मजा वाटली. त्यांनी उजव्या टोकापासून विचारायला सुरुवात केली. पहिले आमचे थोरले काका. “एक जून,” काका म्हणाले. त्यांच्या शेजारचे धाकटे काका. “एक जून.” त्यांच्या शेजारचे शिरगावचे पाहुणे. “एक जून.” लोक टाळ्या वाजवायला लागले, आणि भावोजींचा चेहरा उतरत चालला. कारण तुम्हाला माहीत असेल. जुन्या काळी मुलाला शाळेत घालायला नेलं की बापाला जन्मतारीख आठवायची नाही, मग गुरुजी वय अंदाजे धरून दाखल्यावर बेधडक ‘एक जून’ लिहून मोकळे व्हायचे. आमच्या पंगतीत अशी अकरा माणसं निघाली. “माहिती दूषित आहे!” भावोजी इतक्या जोरात ओरडले की आतल्या खोलीत पाळण्यातली माझी मुलगी दचकून रडायला लागली. थोरले काका बिचारे तोवर आलेली जिलबी हातात धरून विचारत राहिले, “अरे, मग माझा खरा वाढदिवस कधी?” आणि सासूबाईंनी पलीकडून सांगितलं, “लावणीच्या दिवसांत झालात म्हणे, तुमची आई सांगायची.” भावोजींनी अकराही जण वगळून उरलेल्यांची यादी केली, तर माझी धाकटी बहीण आणि आचारी यांची तारीख एक निघाली. पैज ते जिंकले. जिलब्या गार झाल्या.

एवढं सगळं मोजणाऱ्या माणसाचं लग्न मात्र झालेलं नव्हतं. तरुणपणी अकरा ठिकाणी बघण्याचे कार्यक्रम झाले आणि अकराही ठिकाणांहून नकार आला. यात नशिबाचा भाग फार कमी होता. एका मुलीच्या वडिलांना त्यांनी विचारलं होतं की तुमच्या कन्येला राग सरासरी किती वेळा येतो, आणि सरासरी सांगणं अवघड असेल तर मध्यक सांगितला तरी चालेल. दुसऱ्या एका मुलीला सांगितलं की आपला संसार सुखाचा होण्याची शक्यता मी सत्तर टक्के धरतो. ते त्यांच्या मनाने फार चांगलं बोलले होते, कारण सत्तर त्यांच्याकडे सहसा कुणाला मिळत नाहीत. मुलगी पोह्यांची बशी उचलून आत गेली. अकराव्यानंतर भावोजींनी वहीच्या त्या पानावर आडवी रेघ मारली आणि खाली लिहिलं, ‘प्रयोग थांबवला.’ हे पान मी चुकून बघितलं होतं. त्यानंतर संध्याकाळी ते ओटीवरच्या खुर्चीत एकटे बसलेले दिसले की मी उगीचच लवकर पानं मांडायची.

तीन वर्षांपूर्वी ते चाळीस मुलांना घेऊन लांज्याला एका काजूच्या कारखान्यात गेले. नमुना कसा घ्यायचा ते मुलांना प्रत्यक्ष दाखवायचं होतं. आसपासच्या घरांतून सोललेले काजूगर तिथे पोत्यांनी यायचे, आणि पोत्यात अख्खा काजू किती नि तुकडा किती ते बघून पोतं घ्यायचं की परत धाडायचं हे ठरवण्याचं काम शुभदा नावाच्या बाईंकडे होतं. चाळिशी ओलांडलेली बाई, वडील लवकर गेले, दोन भावांना वाढवून मुंबईला नोकरीला लावलं, म्हातारी आई घरी, आणि त्या सगळ्यात स्वतःचं लग्न राहून गेलेलं. शुभदाताईंनी पोत्यात कोपरापर्यंत हात घातला. एक मूठ वरून, एक मधून, एक तळातून. तिन्ही मुठी फडक्यावर पसरल्या, क्षणभर बघितल्या आणि म्हणाल्या, “शंभरात चौदा तुकडा.” भावोजींनी चाळीस मुलांना ते पोतं पालथं करून दोन तास मोजायला बसवलं. शंभराला चौदाच्या जरासा खाली तुकडा निघाला. भावोजींनी विचारलं, तीन मुठी कशाला, एक का पुरत नाही? त्या म्हणाल्या, “एका मुठीवरून पोतं परत धाडायचं नसतं, सर. वरची मूठ वरचंच सांगते.”

हे मला मुलांकडून कळलं. भावोजींनी घरी येऊन फक्त एवढंच सांगितलं, “वहिनी, जी गोष्ट मी पंचवीस वर्षं फळ्यावर लिहितो आहे, ती त्या बाईंनी एका वाक्यात सांगितली.” त्यानंतर ते दर शनिवारी लांज्याला जायला लागले. नमुने गोळा करायला, असं म्हणायचे. लांज्याच्या गाडीचं वेळापत्रक त्यांना तोंडपाठ झालं. गाडी किती मिनिटं उशिरा येते याची नवी वही निघाली. मी एकदा सहज विचारलं की सरासरी किती उशीर होतो, तर म्हणाले, “सरासरीत अर्थ नाही. एकदा घाटात झाड आडवं पडलं आणि गाडी साडेतीन तास अडकली. त्या एका दिवसाने सगळी सरासरी फुगवून ठेवली आहे. मध्यक बघायचा. सगळे उशीर लहानापासून मोठ्यापर्यंत मांडायचे आणि बरोबर मधला उचलायचा. अकरा मिनिटं.” बोलता बोलता त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. उशिराच्या मध्यकाने कुणाचे कान लाल होत नाहीत, एवढं गणित मला येतं.

सहा महिने वाट बघून मी सरळ विषय काढला. “भावोजी, विचारलंत का त्यांना?” ते खुर्चीत सरळ बसले. “वहिनी, अकरापैकी अकरा नकार.” मी म्हटलं, “आणि पोरांना काय शिकवता? नाण्याला आठवण नसते. प्रत्येक वेळी ते नव्याने उडतं.” भावोजींनी खिशातलं नाणं काढलं. ते हातात फिरवत म्हणाले, “नाण्याला नसते, वहिनी. मला आहे.” दुसऱ्या दिवशी मी ह्यांना म्हटलं, आता आपण लांज्याला जायचं.

शुभदाताईंची आई म्हणजे पंचाहत्तरीच्या पुढची, काटक म्हातारी. तिने आम्हाला चहा दिला, सगळं ऐकून घेतलं, आणि म्हणाली, “मास्तर चांगला हाय. दर शनवारी येतो, माजी इचारपूस करतो. माजी काय हरकत नाय. पन देवाला इचारल्याबिगर आमच्या घरात काय व्हत नाय. कौल लावू, देव काय सांगंल ते.” आमच्याकडे गावोगावी ही रीत आहे. गुरव देवाच्या अंगावर उजवीकडे आणि डावीकडे ओली कळी चिकटवतो, गाऱ्हाणं घालतो आणि सगळे वाट बघत बसतात. उजवी आधी पडली तर देवाचा होकार, डावी आधी पडली तर नकार. शुभदाताई दाराच्या चौकटीला टेकून उभ्या होत्या. त्यांना कुणी काही विचारलं नाही, आणि खरं सांगते, त्या घाईत मीही विचारलं नाही.

रविवारी सकाळी आम्ही देवळात गेलो. भावोजींनी इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि वही आणली होती. वाटेत गाडीत ते माझ्याशी हळू आवाजात बोलत होते: श्रद्धेचा भाग वेगळा, त्याबद्दल त्यांना आदर आहे, पण एकाच प्रयोगावरून निष्कर्ष काढणं शास्त्रात बसत नाही, निदान तीस वेळा तरी कौल लावायला हवा. मी त्यांना बजावलं की देवळात तोंड उघडलंत तर बाराव्या नकाराची जबाबदारी तुमची. गुरवाने तगरीच्या दोन कळ्या पाण्यात बुडवून देवाच्या दोन्ही खांद्यांवर लावल्या आणि खड्या आवाजात सुरुवात केली, “बा देवा म्हाराजा, ही तुजी लेक, तुज्याच मातीतली. हिचं लगीन रत्नागिरीच्या मास्तराशी ठरवायचं म्हनतात. तुज्या मनात असंल तर उजवी दे, नसंल तर डावी दे म्हाराजा!” आम्ही सगळे म्हणालो, “व्हय म्हाराजा!” आणि आमचा आवाज विरतो न विरतो तोच डावी कळी टपकन खाली पडली.

गुरवालाही नवल वाटलेलं दिसलं, कारण कधीकधी कळीसाठी अर्धा अर्धा तास बसावं लागतं. म्हातारीने हात जोडले. आणि भावोजी, बांगड्यांच्या एका वाट्यासाठी पाच वेळा फासा टाकणारे, तीस प्रयोगांशिवाय कशावर विश्वास न ठेवणारे माझे भावोजी, नमस्कार करून उठले. “बरं. येतो मी,” एवढंच म्हणाले. टक्के नाहीत, शक्यता नाही. एवढ्या वर्षांत त्यांनी दिलेलं ते पहिलं सरळ उत्तर होतं, आणि ते ऐकून मला रडू यायला लागलं. ते पायरीवर जाऊन चपला शोधायला लागले.

“सर, थांबा.” शुभदाताई खांबापाशी बसल्या होत्या, त्या उठून उभ्या राहिल्या. “एका मुठीवरून पोतं परत धाडायचं नसतं, हे मी तुम्हाला सांगितलं होतं. तुम्ही वहीत लिहून घेतलं होतंत. वीस वर्षांत मी एकही पोतं असं परत धाडलेलं नाही.” मग त्या गुरवाकडे वळल्या. “आणि मूठ कुठून घेतली तेही बघायचं असतं. मामा, तो पंखा आधी बंद करा.” तेव्हा कुठे आमचं लक्ष गेलं. मुंबईकर मंडळींनी त्या वर्षी देवळाला एक उभा पंखा दिला होता, तो गाभाऱ्याच्या दाराशी डाव्या अंगाला ठेवलेला होता आणि भरधाव वेगाने थेट देवाच्या डाव्या खांद्यावर वारा घालत होता. “देवाला उकडतंय म्हनून लावला,” गुरव ओशाळून म्हणाला. आयुष्यभर दुसऱ्यांच्या टोपल्यांतला पक्षपात शोधणाऱ्या माणसाला समोरचा पंखा दिसला नव्हता. भावोजी एका पायात चप्पल घालून तसेच उभे होते.

पंखा बंद झाला. म्हातारीने गुरवाला मान हलवून परवानगी दिली. नव्या कळ्या लागल्या, पुन्हा गाऱ्हाणं झालं, पुन्हा “व्हय म्हाराजा!” आणि आम्ही बसलो. पाच मिनिटं गेली. दहा गेली. देवळात घामाने सगळ्यांचे कपडे अंगाला चिकटले होते, पण कळ्या हलायला तयार नव्हत्या. भावोजी डोळ्यांची पापणी न हलवता देवाकडे बघत होते, गुडघ्यावर वही उघडी, हातात पेन. पंधरा मिनिटं झाल्यावर शुभदाताई म्हणाल्या, “आई, कौल पडायच्या आधी सांगते. देव काय सांगायचं ते सांगेल. पण मला कुणी विचारलं नाही म्हणून मीच सांगते. मला हे पसंत आहेत.”

आम्ही सगळे वळून त्यांच्याकडे बघायला लागलो. म्हातारी बघत होती, आमचे हे बघत होते, गुरव बघत होता, मी तर तोंड उघडं टाकून बघत होते. आणि भावोजी वही विसरून, पेन विसरून त्यांच्याकडे बघत होते. त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. “अरे!” गुरव एकदम ओरडला. आम्ही देवाकडे वळलो. दोन्ही कळ्या खाली पडलेल्या होत्या. “कोनची आदी पडली? कोनी बगितली?” त्याने एकेकाला विचारलं. कुणीच बघितलं नव्हतं. शेवटी म्हातारी उठली, देवापुढे डोकं टेकवलं आणि म्हणाली, “लेक वीस वर्सांत आज पयल्यांदा सोतासाटी बोलली. ते देवानं आयकलं, मी पन आयकलं. दोन्ही कळ्या खाली टाकल्यान, म्हंजी तुमचं तुमी बगा म्हनतो. नारळ फोड रे.” मग काय, त्या दिवशीचा “व्हय म्हाराजा!” असा झाला की देवळाच्या कौलांवरची कबुतरं उडाली.

त्या दिवसाचं वहीतलं पान भावोजींनी मला नंतर दाखवलं. ‘प्रयोग पहिला: डावी. पंखा चालू असल्याने ग्राह्य नाही. प्रयोग दुसरा:’ आणि पुढे लिहिलं आहे, ‘निरीक्षण करायचं राहून गेलं.’ कोंबड्याच्या आरवण्यापासून फणसाच्या गऱ्यांपर्यंत सगळं नोंदवणाऱ्या माणसाकडे आयुष्यातल्या सगळ्यांत मोठ्या घटनेची नोंद नाही. मी विचारलं, रुखरुख नाही का वाटत? ते म्हणाले, “नाही.” नुसतं ‘नाही’. मी दोनदा कान देऊन ऐकलं.

लग्न झालं, पण म्हातारीला घर सोडवत नाही, म्हणून भावोजी आता लांज्याला राहतात आणि तिथून रोज कॉलेजला येतात. कॉलेज सुटलं की परतीची गाडी पकडायची असते, त्यामुळे आमच्याकडे येणं होत नाही. सासूबाई गेल्या वर्षी गेल्या. ओटीवरची वेताची खुर्ची संध्याकाळी मोकळीच असते. आमटीला गुण द्यायला कुणी नाही. आमचे हे दोन गुणांची आमटी आणि आठ गुणांची आमटी सारख्याच शांतपणे जेवतात, आणि कधी कधी मला त्याचाच राग येतो. भावोजी आणि शुभदा रविवारी जमेल तसे येतात. रविवारची सकाळची गाडी किती वाजता पोचायला हवी ते मला पाठ झालंय. माझं मलाच कळलं नाही, पण कधीतरी मी स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर पेन्सिलीने आकडे लिहायला लागले. सात मिनिटं. बावीस मिनिटं. नऊ. ज्या रविवारी ते आले नाहीत त्या चौकटीत एक फुली.

मागच्या रविवारी भावोजी पाणी प्यायला आत आले आणि कॅलेंडरसमोर थांबले. मी आमटीला फोडणी देत होते. त्यांनी महिने उलटून उलटून सगळे आकडे बघितले, फुल्यासुद्धा बघितल्या. मला वाटलं, आता हसतील. पण ते पाठमोरेच म्हणाले, “वहिनी, नऊच नोंदी आहेत. नमुना फार लहान आहे.”

“मग येत जा,” मी म्हटलं.

त्या दिवशीची आमटी चांगलीच खारट झाली. भावोजींनी दोनदा मागून घेतली.